उजव्या अंगाचा कठडा

मी खोडा बोलतोय. धार काढताना गाईला ज्यात उभी करतात, तो लाकडी खोडा. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर चोर-दरोडेखोर आले असतील, तर तो माझा दोष नाही. माझ्यात आजवर फक्त गाई अडकल्या, त्याही सकाळ-संध्याकाळ आणि पुढ्यात खाणं असताना.

माझी बांधणी आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. समोर दोन उभे खांब, त्यांच्यामध्ये गाईची मान. एक खांब पक्का, दुसरा सरकणारा. तो सरकवून वर खुंटी बसवली की गाईला मान मागे घेता येत नाही. पुढे गव्हाणीची पेटी, पायांखाली जाड फळ्यांचा ओटा. गाईच्या उजव्या अंगाला खांद्यापासून मांडीपर्यंत तीन आडव्या फळ्यांचा कठडा. डावं अंग मोकळं, मागच्या कोपऱ्यातला एक खांब तेवढा सोडून. धार काढणारीने तिवई घेऊन बसायचं ते तिकडे. झालं, एवढाच मी.

मूळचा मी पाइनचं झाड. फिनलंडच्या पूर्वेला, तळ्याकाठच्या एका एकट्या शेतघरामागे उभा होतो. झाड असतानाचं मला फारसं काही आठवत नाही. थंडी आठवते, पण त्या मुलखात थंडी सगळ्यांनाच आठवते, त्यात विशेष काही नाही. तोडलं तेव्हा दुखलं का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. लाकूड सुन्न असतं. माझ्या मालकाला पुढे तसं झालेलं मी पाहिलं तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही, फक्त ओळखीचं वाटलं.

माझा मालक ताह्वो. खरं तर मालक तरी कसं म्हणू, शेत त्याचं नव्हतंच. तो घरजावई. साइमीच्या बापाला, म्हाताऱ्या ईवारीला, मुलगा नव्हता, म्हणून त्याने ताह्वोला घरात घेतलं आणि मग घेतल्याबद्दल त्याला रोज बोल लावले. ताह्वोने बर्फावर ओढायची गाडी केली, तर म्हातारा म्हणायचा की ही घोड्यासाठी आहे की कोंबडीसाठी. सरपण रचलं तर ढीग वाकडा. दाराला कडी बसवली तर ती उलटी. ताह्वो हाताचा चांगला होता, पण कुणी सतत डोक्यावर उभं असलं की चांगला हातही बिचकतो. तो उलट उत्तर देत नसे. केलेलं मोडायचा आणि पुन्हा करायचा.

साइमीची आई वारल्यानंतर गोठा साइमीकडे आला. तिची कालवड, हेलुना, पहिल्यांदा विणार होती. जुन्या गोठ्याची जमीन कुजली होती आणि धार काढायला धड जागा नव्हती. साइमीने नवऱ्याला सांगितलं, मला एक खोडा करून दे. त्या घरात ताह्वोला कुणी आपणहून काही करायला सांगण्याची ही पहिलीच वेळ असावी. तो हिवाळाभर तबेल्यात बसून माझ्यावर रंधा मारत राहिला. म्हाताऱ्याला दिसू नये म्हणून काम संपलं की मला घोड्याच्या गवताखाली झाकून ठेवायचा.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्या मुलखात तबेला पुरुषांचा आणि गोठा बायकांचा. गोठ्याचं छप्पर गळलं किंवा वासरू अडलं तरच पुरुष उंबरा ओलांडणार, आणि तेही काम उरकून घाईघाईने बाहेर पडणार. पुरुषाने सडांना हात लावणं ही तर चेष्टेचीच गोष्ट. परक्या बाईलाही गोठ्यात मज्जाव होता. तिची नजर लागते आणि गाय आटते, असं साइमीची आई म्हणायची, आणि साइमी मानत नसली तरी पाळायची. म्हणजे साइमी धार कशी काढते, कुठे बसते, हे गाय सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताह्वोने हेलुनाला अंगणात उभी करून दोरीने मापं घेतली. लांबी, उंची, मानेची जाडी, सगळं बरोबर. माणूस कुठल्या बाजूला बसतो, हे मात्र त्याने विचारलं नाही. विचारायचं त्याच्या मनातच आलं नाही. त्याचा जन्म घोड्यांत गेला होता, आणि घोड्याकडे जायचं ते डाव्या अंगाने. लगाम घाला, साज चढवा, वर बसा, सगळं डावीकडून. तेव्हा जनावराचं डावं अंग मोकळं ठेवायचं आणि उजवं बंद करायचं, यात विचार करण्यासारखं काय होतं? त्याने उजवीकडे तीन फळ्या ठोकल्या, खिळे वापरले नाहीत, लाकडी खुंट्या मारल्या. पक्कं काम.

आणि त्या मुलखात बाई गाईच्या उजव्या अंगाला बसते. तिची आई तिथेच बसत आली, आजी तिथेच. चालायला लागलेल्या पोरीलाही हे ठाऊक असतं. एकाही पुरुषाला ठाऊक नसतं.

मला गोठ्यात बसवलं तो दिवस मला चांगला आठवतो. ताह्वोने ओट्याची फळी पायाने दाबून पाहिली, खुंटी दोनदा लावली, काढली, आणि मग साइमीला हाक मारली. ती हात पुसत आली. तिने मला पाहिलं. तिचा हात कठड्याच्या वरच्या फळीवर आला आणि तिथेच राहिला. ताह्वो तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच वेळी बाहेरून म्हाताऱ्याचा आवाज आला.

"काय गं, काय दिवे लावलेत जावयाने?"

"या घरात इतकं चांगलं काम अजून झालं नव्हतं, बाबा," साइमी आतूनच म्हणाली.

म्हातारा दाराशी आला, आत डोकावला, लांबूनच तोंड वाकडं करून खांबांकडे पाहिलं आणि निघून गेला. दोष काढायला त्याला काही सापडलं नाही. सापडणार कसं, तोही पुरुषच. ताह्वो त्या दिवशी जेवताना दोनदा हसला, असं साइमीने नंतर हेलुनाला सांगितलं. म्हणून मला कळलं.

हेलुना व्याली. साइमी तिवई घेऊन पहिल्यांदा बसली तेव्हा सवयीने उजवीकडे गेली, कठड्याला गुडघा लागला, मग फिरून डावीकडे आली. तिचे हात चुकायला लागले. कुठला सड आधी, कोपर कुठे टेकवायचं, बादली कुठल्या मांडीला लावायची, सगळं उलटं. हेलुना पण चुळबुळ करायची. साइमी तिच्या पोटाला डोकं टेकवून म्हणायची, "सरक बाई. आपल्याला आता इकडूनच शिकायचंय." दोघी शिकल्या. वेळ लागला, पण शिकल्या.

एकदाच तिने माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. म्हातारा वारल्यावरची गोष्ट. ती कठड्याशी उभी राहिली, खुंट्यांवरून बोट फिरवलं. आता सांगितलं असतं तर चाललं असतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण तोवर हेलुनाची मुलगी माझ्यात उभी राहायला लागली होती, तीही डावीकडची झाली होती. आणि ताह्वोला तर तेव्हा माझा भलताच अभिमान. रविवारी कुणी पाहुणे आले की कॉफी झाल्यावर तो पुरुषांना गोठ्याच्या दारापर्यंत घेऊन यायचा आणि उंबऱ्याबाहेरून मला दाखवायचा. एक खिळा नाही, म्हणायचा. पाहुणे माना डोलवायचे. इतक्या पुरुषांनी मला पाहिलं, नावाजलं, आणि एकालाही काही खटकलं नाही. साइमी मागे अंगणात कपबशा गोळा करत असायची.

त्यांना मूलबाळ झालं नाही. याबद्दल ती दोघं काय बोलली मला माहीत नाही. गोठ्यात ते कधी आलं नाही. गोठ्यात येत ती गरम पाण्याची बादली, साइमीचं गुणगुणणं आणि हिवाळ्यात दारातून येणारा वारा. दार डाव्या अंगाला, म्हणून वारा नेमका तिच्या पाठीवर. तिने माझ्या मागच्या खांबाला एक गोणपाट बांधलं आणि त्याच्या आडोशाला बसायला लागली. ओट्याच्या खालची जमीन तिच्या पायांनी दोन जागी खोलगट झाली. वर्षं अशीच गेली. हेलुनाची नात, ओमेना, माझ्यात आली. पाठीवर पांढरा पट्टा, बिनशिंगाची, हट्टी. तिला साइमीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तिच्यावर साइमीचा जीव होता, हे मी ठासून सांगू शकतो, कारण मूल नसलेल्या घरातली माया कुठे जाते ते मी दोन्ही वेळेला पाहत होतो.

त्या हिवाळ्यात साइमी छातीत कळ येते म्हणून ताह्वोबरोबर तळ्यापलीकडे शहरात दाखवायला गेली. सकाळी धार काढून गेली. संध्याकाळी परत येणार होती. ती परत आली नाही. दवाखान्यातच गेली.

ताह्वो घरी आला तो त्या माणसासारखा नव्हताच. रडला नाही. घोड्याला पाणी पाजलं, बर्फ उपसला, शवपेटीसाठी फळ्या तासल्या. सगळं नेमाने. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचा, नाही विचारलं तर गप्प. जेवायला बसवलं तर बसायचा. मी लाकूड आहे, मला हे बघवलं नाही असं म्हणणं शोभणार नाही. पण मला ते कळलं.

गाय मात्र तुंबत होती. माणसाच्या दुःखाशी तिला काय घेणं. संध्याकाळ झाली की कास भरते, आणि ती रिकामी करावी लागते, नाहीतर दगड होते. तळ्यापलीकडून ताह्वोची थोरली बहीण हिल्मा निरोप मिळताच निघून आली. हिल्मा विधवा, तोंडाची फटकळ, हाताची धसमुसळी. तिचा नवरा हयातभर तिच्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवत ताट सरकवायचा, आणि ती त्याच्यावर भांडी आपटायची, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. पण भावासाठी धावत आली. आल्या आल्या बादली उचलून गोठ्यात शिरली. ताह्वो नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर थांबला.

हिल्मा उजवीकडे गेली. तिथे कठडा. ती थबकली, मग फळ्यांमधून हात घालून सडाला लावला. ओमेनाच्या उजव्या अंगाला जन्मात कुणी हात लावला नव्हता. तिने अशी लाथ मारली की माझी खालची फळी कडाडली आणि बादली भिंतीवर गेली. हिल्मा कपाळावरचं शेण पुसत बाहेर आली.

"हा खोडा कुठल्या शहाण्याने केलाय रे?"

"मी," ताह्वो म्हणाला.

हिल्मा हसली. वाईट हेतूने नाही, ती तशीच होती. "अरे, मग गाईला विचारून करायचास. कठडा उजवीकडे कोण घालतं? बाई बसणार कुठे, गाईच्या डोक्यावर?"

ताह्वोला ते लगेच कळलं नाही. तो म्हणाला की साइमी इतकी वर्षं यातच धार काढत होती. हिल्मा म्हणाली की मग तिचं कौतुक आहे, कारण उलट्या बाजूने धार काढणं म्हणजे डाव्या हाताने शिवण शिवण्यासारखं. साऱ्या मुलखात बाया उजवीकडे बसतात, ही गोष्ट तिने त्याला फोड करून सांगितली. तो ऐकत होता. तिचं बोलणं संपलं तरी ऐकतच राहिला.

"ती कधी बोलली नाही," एवढंच शेवटी म्हणाला.

"तुझ्यापुढे बोलायची तिची काय बिशाद," हिल्मा म्हणाली आणि गरम पाणी आणायला गेली. ती हे सहज बोलून गेली. घरी आपल्या नवऱ्याला ऐकवून सवयीचं झालेलं वाक्य असणार. पण ते ताह्वोला जिथे लागायचं तिथे लागलं. मी उंबऱ्याकडे बघत होतो. त्याचा चेहरा जसाच्या तसा राहिला, फक्त हात दाराच्या चौकटीवर आला.

हिल्माने मग डावीकडूनही प्रयत्न केला. पण तिच्या हातांना पन्नास वर्षांची उजवी सवय. सड चुकत होते, धार बादलीबाहेर जात होती, आणि तिचा राग ओमेनाला कळत होता. ओमेनाने पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. कास ताणून लाल झाली, मागच्या एका सडाला गाठ लागायला लागली. हिल्माने स्पष्ट सांगितलं: एक तर कठडा काढ, गाईचे पाय बांधू आणि जबरदस्तीने उजवीकडून काढू, नाहीतर खाटकाला निरोप धाड. कास गेली तर गाय गेलीच म्हणून समज.

दफन त्या दुपारी झालं. परत आल्यावर ताह्वोने काळे कपडेही उतरवले नाहीत. करवत घेतली आणि गोठ्यात आला. मला बसवलं त्या दिवसानंतर तो प्रथमच माझ्याजवळ आला होता. कापणार असं मी धरून चाललो होतो, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तो उजवीकडे आला, फळीवर करवत ठेवली. मग ती उचलून डावीकडे आला. का आला, मला माहीत नाही. कदाचित बाजू कशी दिसते ते बघायला. तिथे त्याला जमिनीतले ते दोन खोलगट ठसे दिसले. गोणपाट दिसलं. गोणपाटाच्या वर, खांबावर, जिथे तिचा खांदा टेकायचा तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. सुताराचा अंगठा, त्याला रंध्याचं गुळगुळीत आणि माणसाच्या अंगाचं गुळगुळीत वेगळं कळतं.

त्याने करवत खाली ठेवली आणि तिवईवर बसला. काळ्या कपड्यांतच.

हिल्मा बादली घेऊन आली ती दारातच थांबली. भावाला गाईखाली बसलेला बघून तिला काय वाटलं असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं. ती कठड्याच्या पलीकडे, उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि वरच्या फळीवर हात टेकून त्याला सांगायला लागली. आधी गरम फडक्याने कास शेक. ओढू नकोस, दाब. अंगठा आणि पहिलं बोट वर आवळ, मग एकेक बोट खाली. अरे, घोड्याचा लगाम नाहीये तो. हळू.

"ताई, बाजू उलटी आहे ना?" त्याने विचारलं.

"तुला कुठली सुलटी माहितीये? कर तू."

आणि तेच खरं होतं. हिल्माच्या हातांना जी बाजू विसरता येत नव्हती, ती त्याच्या हातांना कधी ठाऊकच नव्हती. तो जिथे बसला ती त्याच्यासाठी एकच बाजू होती. सुरुवातीला काही आलं नाही. मग त्याने न कळत ओमेनाच्या पोटाला डोकं टेकवलं, थकलेल्या माणसाने टेकवावं तसं. ओमेनाने मान वळवायचा प्रयत्न केला, माझ्या खांबांनी तिला वळू दिलं नाही, तेव्हा तिने एक लांब श्वास सोडला. बारीक धार बादलीच्या तळावर वाजली. मग दुसरी. मग तिने पान्हा सोडला. गाठ लागलेल्या सडातून आधी पाणचट, मग दाणेदार, मग धड दूध आलं. हिल्मा फळीला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ताह्वोच्या नाही.

गाय वाचली. गावातल्या पुरुषांनी ताह्वोची पुरेपूर टिंगल केली. आता चुलीपुढे बसून मोजे विणायला कधी शिकतोस, असं एकाने विचारलं. ताह्वोला त्याचं काही वाटलं नाही. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं, एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट तो मला विचारायचा. सकाळी धार काढताना, संध्याकाळी धार काढताना, सडांवर हात चालू असताना विचारायचा: "का बोलली नाही?" माझ्याकडे बघून नाही, गाईकडेही बघून नाही. त्याला आठवायला लागलं होतं की एकदा तिने बर्फगाडीच्या दांड्याबद्दल काही सुचवलं तेव्हा तो दार आपटून निघून गेला होता. एकदा कुठल्याशा कुंपणावरून तो दोन दिवस बोलला नव्हता. लोकांनी बोट ठेवलं की त्याला अजून म्हाताऱ्याचाच आवाज ऐकू यायचा, पण हे साइमीला कुठे माहीत असणार, असं तो म्हणायचा. त्याने मनाशी धरून ठेवलं की ती त्याला भीत होती. की म्हातारा मेला आणि त्याच्या जागी हाच म्हातारा झाला, आणि त्यालाच ते कळलं नाही. तिने सगळं आयुष्य त्या वाऱ्याकडे पाठ करून काढलं, ते त्याला सांगायची सोय नव्हती म्हणून.

एकदा त्याने हिल्माला विचारलंही. "ताई, मी ईवारीसारखा होतो का गं?"

"मला काय ठाऊक? मी वर्षातून एकदा यायचे, कॉफी प्यायचे, जायचे," हिल्मा म्हणाली. खरं होतं ते. पण त्याला ते होकारासारखं लागलं.

मला उत्तर माहीत होतं. म्हाताऱ्याला आतून उत्तर देताना तिचा हात माझ्यावर होता आणि तो थरथरत नव्हता. भ्यालेल्या माणसाचा हात कसा असतो ते मला ठाऊक आहे. ईवारीच्या काळात ताह्वोचाच होता. पण मला बोलता येत नाही. आता तुमच्याशी बोलतोय, ती वेगळी गोष्ट आहे. त्याच्याशी नाही बोलता आलं.

आज मी तिथेच आहे. माझी खालची फळी ओमेनाच्या लाथेने चिरलेली आहे, गव्हाणीची पेटी एकदा बदलली. ओमेनाच्या कालवडीला ताह्वोने स्वतः डावीकडूनच धारेची सवय लावली. मध्ये दूध संघाची एक शिकलेली मुलगी आली होती, तिने कठडा बघून सांगितलं की हे दुरुस्त करायला हवं. ताह्वोने तिला कॉफी दिली. माझी तुमच्याकडे एवढीच विनंती ऐकून घ्या, की उद्या ताह्वो नसला आणि कुणी शहाणा करवत घेऊन आला, तर त्याला म्हणावं, राहू दे. निरोप घेतो. पण त्याआधी हिल्माने केलेल्या चीजचं तेवढं सांगतो.

हिल्मा परत जायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. ओमेनाचं दूध पुन्हा पूर्ण यायला लागलं होतं, तेव्हा तिने भावासाठी चीज केलं. भट्टीत भाजलेलं, चपट्या भाकरीएवढं, चावताना दातांखाली कुईकुई वाजतं ते. त्यांची आई करायची तसं. संध्याकाळची धार चालू असताना ती ताटलीत एक गरम तुकडा घेऊन गोठ्यात आली. खालून पार काळा झाला होता, आणि त्यात मीठ घालायचं राहिलं होतं; हे मला कसं कळलं म्हणाल, तर त्याने पहिला घास घेतला तेव्हाचं त्याचं तोंड मी पाहिलं. हिल्मा समोर उभी होती. एरवी कंबरेवर हात ठेवून उभी राहणारी बाई, तिने ताटली दोन्ही हातांनी धरली होती आणि तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते. जन्मभर ताट सरकवलेलं पाहिलेले डोळे.

"आईसारखं झालंय का रे?"

ताह्वोने घास गिळला. "अगदी," तो म्हणाला. "अजून आहे?"

हिल्माचा चेहरा उघडला. आहे की, आणते, म्हणत ती जवळजवळ पळतच घराकडे गेली.

ताह्वो हातातला काळा तुकडा घेऊन बसला होता. ओमेनाच्या सडातून दूध थेंब थेंब गळत होतं, त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो त्या तुकड्याकडे बघत होता. मग दाराकडे, जिथून हिल्मा गेली. मग माझ्याकडे. त्या दिवसापर्यंत त्याने मला इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं, मला करत होता तेव्हासुद्धा नाही. तो हिल्माला भीत नव्हता. कुणीच त्याला गप्प बसवलं नव्हतं.

त्याने ओमेनाच्या पोटाला डोकं टेकवलं, आणि तो रडायला लागला. मोठ्याने, वाईट आवाजात, लहान पोराने रडावं तसा. गाय दचकली, पण लाथ मारली नाही.

हिल्मा आली तोवर त्याने बाहीने तोंड पुसलं होतं. तिने आणलेला दुसरा तुकडाही त्याने खाल्ला, काळी बाजू धरून, सगळा.